‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (१९९५): सिनेमा बघून झाल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा मी आजवर बऱ्याच जणांच्या गळ्यात मारला आहे. बहिणी, भाचरं, ऑफिसातल्या मैत्रिणी, एकदा तर पाऊस उघडेना म्हणून अडकून पडलेले शेजारी. बघून झालं की प्रश्न साधारण तेच येतात. दरवेळी तोंडी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून काढली. शेवट फोडलेला आहे, तेव्हा सिनेमा बघितला नसेल तर आधी बघून या.

नेमका कोणता सिनेमा? या नावाचे बरेच आहेत ना?

जेन ऑस्टेनच्या कादंबरीवरचा, १९९५ सालचा. दिग्दर्शक अँग ली, पटकथा एमा थॉम्पसनची, आणि थोरल्या बहिणीच्या, एलिनोरच्या भूमिकेतही तीच. धाकटी मरिअ‍ॅन म्हणजे केट विन्स्लेट, ‘टायटॅनिक’च्या दोन वर्षं आधीची. ह्यू ग्रँट (एलिनोरचा एडवर्ड), अ‍ॅलन रिकमन (कर्नल ब्रँडन), ग्रेग वाइज (मरिअ‍ॅनला भुरळ घालणारा विलोबी) हे तिघे पुरुष. बीबीसीने याच कादंबरीवर १९७१, १९८१ आणि २००८ साली मालिका केल्या. २००८ची चांगली आहे, पण या पानावरचं सगळं १९९५च्या सिनेमाबद्दल आहे.

रोमँटिक सिनेमा म्हणालात, आणि सुरुवातीला नुसत्या पैशांच्या गप्पा?

हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांतच येतो. माझं उत्तर ठरलेलं: तो हिशोब नीट ऐका, पुढचं प्रेम त्यातूनच कळतं.

पहिल्याच प्रसंगात मरणाला टेकलेला बाप पहिल्या बायकोच्या मुलाकडून, जॉनकडून, शब्द घेतो की सावत्र आईला आणि तीन सावत्र बहिणींना अंतर देणार नाहीस. जॉन शब्द देतो, आणि मनापासून देतो. मुलींना प्रत्येकी हजार, असे तीन हजार पौंड द्यायचे त्याच्या मनात असतं. मग त्याची बायको फॅनी बोलायला लागते. कादंबरीतलं हे दुसरं प्रकरण माझ्या मते ऑस्टेनने लिहिलेल्या सगळ्यात क्रूर विनोदांपैकी आहे. तीन हजारांचे दीड हजार होतात. मग त्यापेक्षा आईलाच वर्षाला शंभर दिले तर? छे, ज्यांना वर्षासन मिळतं ती माणसं मरतच नाहीत हो. बरं, मग अधूनमधून पन्नासेक पौंड? आणि शेवटी ठरतं की घर हलवताना सामानाला हात लावायचा आणि हंगामात कधी मासळी, कधी शिकारीचं पाठवायचं. बहिणींच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि जॉनला मात्र आपण बापाचा शब्द पाळला असंच वाटत राहतं.

सिनेमात हेच संभाषण एका खोलीत घडत नाही, नवराबायकोच्या नॉरलंडच्या, म्हणजे बापाच्या वाड्याच्या, प्रवासावर पसरलं आहे. गाडी पुढे जाते तसतसा आकडा खाली येतो. आपल्याकडे वाटणीच्या वेळी स्वयंपाकघरात हळू आवाजात चालणारी बोलणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना इथे सबटायटल्सची गरज लागत नाही.

बाप एवढा मोठा जमीनदार, मग बायकोमुलींना काहीच कसं नाही?

सिनेमा सोपं करून सांगतो: इस्टेट बापाकडून मुलाकडे जाते, मुलींकडे नाही. कादंबरीतलं कारण जास्त झोंबणारं आहे. इस्टेट असते म्हाताऱ्या आजोबा-चुलत्याची. म्हातारपणी त्याची सेवा या मायलेकींनीच केलेली. पण जॉनचा दोन-तीन वर्षांचा मुलगा कधीतरी भेटीला येतो, त्याच्या बोबड्या बोलांवर म्हातारा भाळतो आणि मृत्युपत्रात सगळं त्या पोराच्या वाटेला जाईल अशी तजवीज करून ठेवतो. मुलींना आठवण म्हणून प्रत्येकी हजार पौंड. बापाचे सात हजार धरून एकूण दहा हजार, आणि त्याचं व्याज वर्षाला पाचशे.

पाचशेत चौघी उपाशी मरत नाहीत, हेही खरं. दोन मोलकरणी आणि एक गडी ठेवता येतो. पण घोडागाडी गेली, वर्तुळ गेलं, आणि मुख्य म्हणजे लग्नाच्या बाजारातली किंमत गेली. त्या वर्गातल्या बाईला नोकरीधंदा करून सन्मानाने जगायची वाट जवळजवळ नव्हतीच. चांगलं स्थळ हाच पोटापाण्याचा मार्ग. म्हणून या गोष्टीत प्रत्येक पुरुष पडद्यावर येतो तो आपल्या वार्षिक उत्पन्नासकट येतो.

नावाचा मराठीत अर्थ काय?

‘सेन्स’ म्हणजे विवेक, तारतम्य. घोडं पेंड खातं ते दुसऱ्या शब्दाशी. ‘सेन्सिबिलिटी’चा समंजसपणाशी काही संबंध नाही. त्या काळात त्याचा अर्थ होता भावनांनी थरारून जाण्याची क्षमता: कविता वाचून डोळे भरणं, निसर्ग बघून उचंबळणं. ती असणं हे उच्च अभिरुचीचं लक्षण मानलं जाई. विवेक आणि भावुकता म्हणा हवं तर. मात्र एक बहीण म्हणजे विवेक आणि दुसरी म्हणजे भावुकता अशी वाटणी करू नका. एलिनोर आतून जळत असते, आणि मरिअ‍ॅनला शेवटी शेवटी चांगलंच तारतम्य येतं.

एलिनोर इतकी थंड कशी?

थंड नाही हो. जिन्याचा प्रसंग पुन्हा बघा.

विलोबी अचानक लंडनला निघून जातो. मरिअ‍ॅन हुंदके देत खोलीत जाते, दार आपटते. पाठोपाठ आई आपल्या खोलीत, दार बंद. मग सगळ्यात धाकटी बहीण मार्गारेट, तिचंही दार. तीन दारांआडून तीन रडण्याचे आवाज. एलिनोरच्या हातात चहाची कपबशी, जी तिने दुसऱ्या कुणासाठी तरी आणलेली. घ्यायला कुणी नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसते आणि तो चहा स्वतः पिते.

रडायला खोली लागते, आणि घरात चौघींपैकी तिघींनी खोल्या आधीच अडवल्यात. प्रत्येक घरात अशी एक पायरीवर बसलेली बाई असते, बहुधा थोरली. हा प्रसंग विनोदी आहे, लोक हसतात, मीही हसते. पण माझी थोरली बहीण शेजारी बसून बघत होती तेव्हा ती हसली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

म्हणूनच शेवटी, एडवर्डचं लग्न झालेलंच नाही हे कळल्यावर, एलिनोरच्या तोंडून जो आवाज बाहेर पडतो तो सुंदर, सिनेमातल्या नटीचा हुंदका नसतो. उचक्या, धाप, सगळं एकत्र. कादंबरीत ती खोलीबाहेर धावते आणि दार लावून घेतल्यावर रडते. थॉम्पसनने तिला पळू दिलं नाही. एडवर्डसमोरच, आम्हा सगळ्यांसमोर बसवून रडवलं.

एडवर्ड सरळ बोलून का टाकत नाही? आणि ल्यूसीशी ठरलेलं लग्न मोडत का नाही?

लहान वयात, कुणाला न सांगता त्याने ल्यूसी स्टीलला शब्द दिलेला असतो. प्रेम केव्हाच आटलंय, पण त्या समाजात बाईला शब्द मागे घेता येई, पुरुषाने घेतला तर तो नादान ठरे. वचनभंगाचा दावाही लागू शके. त्याहून मोठं कारण असं की तसं सोडून दिलेल्या मुलीचं पुढे कठीण होई, आणि एडवर्डला ते ठाऊक आहे. गंमत म्हणजे ल्यूसी भलतीच आतल्या गाठीची. हे गुपित ती मुद्दाम एलिनोरच्याच गळ्यात घालते, वर कुणाला सांगणार नाहीस असं वचनही घेते. हसत हसत बोचकारणं कसं असतं ते ल्यूसी झालेल्या इमोजेन स्टब्जकडून शिकावं.

पुढे आईने एडवर्डचा वारसा काढून धाकट्या भावाला दिल्याबरोबर ल्यूसी त्या धाकट्याशी लग्न करून मोकळी होते. तिने हिशोब बरोबरच केला. फॅनीचं आणि ल्यूसीचं गणित एकच आहे, फक्त एकीकडे पैसा आहे आणि दुसरीला तो मिळवायचाय.

एलिनोर एकोणीस वर्षांची ना? थॉम्पसन तर कितीतरी मोठी दिसते.

कादंबरीत एकोणीस, आणि चित्रीकरणाच्या वेळी थॉम्पसन ३६ची. तिने स्वतःसाठी भूमिका लिहिली नव्हती, अँग लीनेच तिला गळ घातली. सिनेमात एलिनोरचं वय वाढवलंय, आणि ते शहाणपणाचं झालं असं मला वाटतं. आजच्या प्रेक्षकाला एकोणीस वर्षांच्या मुलीचं लग्नाचं वय टळतंय ही भीती पटणार नाही. खरी एकोणीस वर्षांची होती ती विन्स्लेट. तिला ल्यूसीच्या भूमिकेसाठी बोलावलं होतं. तिने जणू गैरसमज झाल्यासारखं दाखवून मरिअ‍ॅनचं वाचन केलं आणि भूमिका पटकावली.

इंग्रजांच्या इतक्या इंग्रजी गोष्टीला तैवानचा दिग्दर्शक?

निर्मात्या लिंडसे डोरन यांनी लीचा ‘द वेडिंग बँक्वेट’ पाहून त्याला निवडलं. तोवर त्याने ऑस्टेन वाचलेली नव्हती. पण त्याचा ‘ईट ड्रिंक मॅन वुमन’ बघा: तैपेईतला विधुर आचारी बाप, तीन मुली, रविवारचं जेवण, आणि मनातलं सोडून बाकी सगळं बोलणारी माणसं. कर्तव्य आणि इच्छा यांची ओढाताण, मोठ्यांपुढे गप्प राहणं, लोक काय म्हणतील, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. आपल्यालाही नाही. ऑस्टेन मराठी माणसाला इतकी जवळची का वाटते याचं उत्तर बहुधा यातच आहे.

तो कॅमेरा लांब ठेवतो. मोठ्या खोल्या, मोठी कुरणं, त्यात लहान माणसं. रडणाऱ्या चेहऱ्यावर झडप घालत नाही.

पटकथा लिहायला खरंच चार-पाच वर्षं लागली?

हो, इतर कामं करता करता, मसुद्यावर मसुदे. मध्येच कॉम्प्युटरने दगा दिला आणि पटकथेची फाइल उघडेना. थॉम्पसनने तो टॅक्सीत घातला आणि मित्राकडे, स्टीफन फ्रायकडे, नेला. त्याने तासन्‌तास खपून ती परत मिळवली.

कादंबरीतलं काय गाळलं, काय घातलं?

गाळलेलं: लेडी मिडलटन (या मायलेकींना घर देणाऱ्या सर जॉनची बायको) आणि तिची लाडावलेली पोरं, ल्यूसीची वटवट्या थोरली बहीण, जॉन-फॅनीचा तो बोबडा मुलगा. कर्नल ब्रँडन आणि विलोबी यांचं द्वंद्व. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मरिअ‍ॅन आजारी असताना विलोबी रात्री घोडागाडी दामटत येतो आणि एलिनोरपुढे मन मोकळं करतो ते ४४वं प्रकरण. ते गेलं याची मला हळहळ आहे. तिथे क्षणभर एलिनोरलाही त्याची दया येते, आणि वाचकाची पंचाईत होते.

घातलेलं: मार्गारेट. कादंबरीत ती नावापुरती आहे. इथे ती टेबलाखाली अ‍ॅटलास घेऊन लपते, झाडावर घर करून बसते, एडवर्डबरोबर तलवारबाजी करते. एडवर्ड लहान मुलीशी कसा वागतो ते बघत बघत एलिनोर त्याच्या प्रेमात पडते, आणि आपणही. कादंबरीतला एडवर्ड खरं सांगायचं तर बराच मिळमिळीत आहे.

आणि पाऊस! कादंबरीत मरिअ‍ॅन ओल्या गवतातून फिरते, ओले मोजे तसेच ठेवते आणि आजारी पडते. सिनेमात ती विलोबीचं घर दिसेल अशा टेकडीवर भिजत उभी राहून शेक्सपिअरचं सुनीत म्हणते, आणि ब्रँडन तिला उचलून आणतो. नाटकी आहे. पण मरिअ‍ॅननेच लिहिला असता तर प्रसंग असाच लिहिला असता, म्हणून माफ.

मरिअ‍ॅनने ब्रँडनशी लग्न करून तडजोड केली का?

यावर घरात भांडणं झालेली आहेत.

कादंबरी वाचून तसं वाटू शकतं. तिथे सतरा वर्षांची मरिअ‍ॅन पस्तिशीतल्या ब्रँडनला म्हातारा समजते, त्याच्या फ्लॅनेलच्या बंडीची टिंगल करते, आणि शेवटी घरच्या सगळ्यांनी मिळून जणू कट करून तिचं लग्न लावलंय असा ऑस्टेनचा तिरकस सूर आहे. बंडी शेवटपर्यंत सुटत नाही, तेही ती आवर्जून सांगते. सिनेमात तर विन्स्लेट एकोणीसची आणि रिकमन ४९चा, म्हणजे अंतर आणखी वाढलं.

तरी सिनेमात ते लग्न पटतं, आणि श्रेय रिकमनचं. तो पहिल्यांदा येतो तेव्हा मरिअ‍ॅन पियानोवर गात असते, आणि तो दारातच थबकतो. ती नदीकाठी बोथट चाकूने लव्हाळी कापायची धडपड करते तेव्हा तो आपला चाकू पुढे करतो. ती तापाने फणफणलेली असताना तो दाराच्या चौकटीला टेकून एलिनोरला म्हणतो, काहीतरी काम सांगा, नाहीतर मला वेड लागेल. आणि कामही करतो: रातोरात जाऊन आईला घेऊन येतो. विलोबी रानफुलं आणतो, केसांची बट कापून नेतो, कविता म्हणतो. ब्रँडन काय पाठवतो? पियानो, आणि तोही त्या झोपडीवजा घराच्या लहानशा बैठकीत मावेल असा मुद्दाम शोधून काढलेला. माझ्या लेखी अख्ख्या सिनेमातली सगळ्यात शृंगारिक गोष्ट ती आहे. कुणीतरी तुमच्या खोलीचं माप लक्षात ठेवलं.

आणि विलोबी? त्याचं मरिअ‍ॅनवर प्रेम होतं हे ब्रँडनही मान्य करतो. पण ब्रँडनच्या पालनातल्या मुलीला दिवस गेले असताना त्याने वाऱ्यावर सोडलं. ते कळल्यावर श्रीमंत नातलग बाईने वारसा नाकारला, आणि मग त्याने ५०,००० पौंडांची मिस ग्रे गाठली. तो खलपुरुष नाही, खर्चिक आहे.

कर्नल ब्रँडन हिंदुस्थानात होता का?

त्याची पलटण ‘ईस्ट इंडीज’मध्ये होती एवढंच ऑस्टेन सांगते, आणि त्या शब्दात तेव्हा हिंदुस्थान येई. गाव किंवा लढाई ती सांगत नाही. पण कादंबरीत विलोबी त्याची थट्टा करताना तिकडचे नबाब, सोन्याच्या मोहरा आणि पालख्या यांचा उल्लेख करतो, आणि मरिअ‍ॅन तिकडची गरमी आणि मच्छर काढते. इंग्रजी पानावर ‘मोहर’ दिसली की जरा गंमत वाटते. कादंबरी छापली गेली तेव्हा असईच्या लढाईला आठच वर्षं झाली होती, तेव्हा इंग्रजांच्या दिवाणखान्यात हे शब्द घरचे झाले असतील तर नवल नाही. सिनेमात मार्गारेट विचारते, तिकडे कसं असतं? यजमान सर जॉन एका शब्दात उडवून लावतो: गरम. ब्रँडन वाकून तिच्या कानात सांगतो की हवेत मसाल्यांचा वास भरलेला असतो.

चित्रीकरण कुठे झालं?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, बहुतेक डेव्हन, सॉमरसेट आणि विल्टशरमध्ये. नॉरलंड म्हणजे प्लिमथजवळचं सॉल्ट्रम हाउस, मरिअ‍ॅन आजारी पडते तो वाडा म्हणजे माँटक्यूट हाउस, मुली लंडनला जिच्याकडे उतरतात त्या मिसेस जेनिंग्जचं घर प्रत्यक्षात सॉल्झबरीत आहे.

ती पियानोवरची गाणी त्या काळातली आहेत का?

शब्द त्याहूनही जुने, चाली नव्या. ‘वीप यू नो मोर’ हे काव्य १६०३ सालच्या जॉन डाउलंडच्या गीतसंग्रहात आहे. संगीत पॅट्रिक डॉइलचं.

याचाच तमिळ सिनेमा आहे म्हणे?

‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’, २०००. दिग्दर्शक राजीव मेनन, संगीत ए. आर. रहमान. तब्बू थोरली, ऐश्वर्या राय धाकटी, मामुट्टी हा श्रीलंकेहून पाय गमावून परतलेला मेजर. जरूर बघा. घर सोडावं लागणं ही गोष्ट तिथे एका क्षणासाठीही परकी वाटत नाही.

लेखिकेचा स्वतःचा अनुभव यात कितपत?

बाप १८०५मध्ये वारला आणि आई, बहीण कॅसँड्रा आणि जेन भावांच्या मदतीवर अवलंबून राहिल्या. चार वर्षं इकडे तिकडे काढल्यावर १८०९मध्ये एका भावाने चॉटन गावातलं घर राहायला दिलं. कादंबरीचा पहिला आराखडा त्याआधीचा, १७९५च्या सुमाराचा. म्हणजे ही तिची कहाणी नव्हे. लिहिलं आधी, भोगलं नंतर. १८११मध्ये पुस्तक तीन खंडांत निघालं, पहिल्या पानावर नाव नाही, फक्त ‘एका स्त्रीकडून’. छपाईच्या नुकसानीचा धोकाही तिनेच पत्करलेला. पहिली आवृत्ती संपली आणि हाती आले १४० पौंड.

ऑस्कर किती?

सात नामांकनं, मिळालं एक: पटकथेचं. अँग लीला दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नाही, याचा राग अजून गेलेला नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मात्र सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथलं पहिलं बक्षीस, मिळालं. अभिनयाचं ऑस्कर थॉम्पसनकडे ‘हॉवर्ड्‌स एंड’साठी आधीच होतं. अभिनय आणि लेखन दोन्हींची ऑस्करं मिळवणारी ती एकटीच. बक्षीस घेताना तिने सांगितलं की येण्यापूर्वी आपण विंचेस्टरला ऑस्टेनच्या समाधीपाशी जाऊन आलो, तिला गल्ल्याचे आकडे सांगायला.

मुलांबरोबर बघता येईल?

खुशाल. फक्त पहिला अर्धा तास धीर धरायला सांगा. मार्गारेट आली की ती रमतात.

शेवटी लग्नात ब्रँडन हवेत काय उडवतो?

नाणी. चर्चमधून बाहेर पडल्यावर लाल डगल्यातला ब्रँडन मूठभर नाणी उधळतो, आणि गावची पोरं वेचायला धावतात. लांब टेकडीवर पांढऱ्या घोड्यावर विलोबी एकटाच उभा राहून बघत असतो. पन्नास हजार पौंड त्याच्या घरी आहेत. तो घोडा वळवतो आणि निघून जातो.